गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलंय? आधी मोजा, मग शिव्या कुणाला द्यायच्या ते ठरवू

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण विषय तुमच्या-माझ्या खिशाचा आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

गेले कित्येक महिने आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसात, पेट्रोल पंपाच्या रांगेत एकच रडगाणं ऐकतोय. "गाडी आधी सोळा द्यायची, आता बारा देते. ई-२० ने वाट लावली." कुणी चारचाकीवाला, कुणी दुचाकीवाला, पण आरोपी एकच, तोही आधीच दोषी ठरवलेला. मी काही सरकारचा वकील नाही, हे मला ओळखणाऱ्यांना सांगायला नको. ई-२० बाबत सरकारने ग्राहकाशी जो व्यवहार केला तो सरळ नाही असंच माझं मत आहे आणि त्यावर खाली लिहिलंय. पण सोळाचे बारा एकट्या इथेनॉलने होत नाहीत. सगळं बिल त्याच्या नावावर फाडलं की बाकीचे चोर आरामात सुटतात, आणि त्यातले काही चोर फार मोठे आहेत.

पहिली गोष्ट, तुमचं अ‍ॅव्हरेज तुम्हाला खरंच माहीत आहे का? डॅशबोर्डवर दिसतो तो आकडा गाडीच्या कॉम्प्युटरचा अंदाज असतो, आणि तो बहुतेक वेळा मालकाला खूश ठेवणारा असतो. खरी पद्धत जुनीच. टाकी फुल्ल करा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबा. पंपावरचा पोरगा राउंड फिगर करायला अजून शंभरचं ओतू म्हणाला तरी नाही म्हणा. ट्रिप मीटर शून्य करा. तीन-चारशे किलोमीटर चालवा. परत त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, तसंच फुल्ल करा. जेवढे लिटर बसले त्याने किलोमीटरला भागा. असं सलग तीनदा केलं की जो आकडा येईल तो खरा. मी २०१७ च्या माझ्या पेट्रोल गाडीची अशी वही ठेवतो. घरचे हसतात, पण त्या वहीमुळे मला "मला वाटतं" असं म्हणावं लागत नाही.

आता इथेनॉलचा हिशोब. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास. म्हणजे लिटरमागे एक तृतीयांश कमी. वीस टक्के इथेनॉल घातलं की मिश्रणाची ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा पावणेसात टक्क्यांच्या आसपास कमी भरते. पण आपण शुद्ध पेट्रोलवरून थेट ई-२० वर आलेलो नाही. जून २०२२ मध्येच देशात सरासरी दहा टक्के मिश्रण झालं होतं, आणि ते ठरल्यापेक्षा पाच महिने आधी झालं म्हणून पाठही थोपटून घेतली होती. तेव्हा दहाचे वीस झाल्यावर नव्याने जे गेलं ते साडेतीन टक्क्यांच्या घरात. सोळा देणारी गाडी साडेपंधराच्या जरा खाली येईल. जुन्या इंजिनाचं ट्यूनिंग या मिश्रणासाठी नसेल तर आणखी थोडी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात हे लिहून ठेवलंय: ई-० साठी बनलेल्या आणि ई-१० साठी ट्यून केलेल्या चारचाकीला ई-२० वर सहा ते सात टक्के, दुचाकीला तीन ते चार टक्के, आणि ई-२० साठी ट्यून केलेल्या चारचाकीला एक-दोन टक्के घट.

सगळ्यात वाईट आकडा धरला, सात टक्के, तरी सोळाचे पंधरा होतात. बारा नाही. वरचे तीन किलोमीटर कुठे गेले?

ते शोधायच्या आधी सरकारकडची बाकी मांडून घेतो, नाहीतर कॉमेंटमध्ये मला भक्त ठरवाल. त्याच नीती आयोगाच्या अहवालात असंही म्हटलंय की इथेनॉल मिसळलेल्या इंधनाची ऊर्जा कमी असल्याने त्याचा किरकोळ भाव साध्या पेट्रोलपेक्षा कमी हवा आणि त्यासाठी करात सवलतीचा विचार व्हावा. तो भाग अहवालातच राहिला. पंपावर आपण लिटर विकत घेतो, पण गाडी चालते ऊर्जेवर. दुधात पाणी घालून भाव तोच ठेवला तर त्याला आपण काय म्हणतो? सरकारचं म्हणणं असं की इथेनॉल आता रिफायनरीतून निघणाऱ्या पेट्रोलपेक्षा महाग पडतं, सवलत कुठून देऊ. ठीक आहे, उसाला आणि मक्याला भाव मिळतो, आयातीचं परकीय चलन वाचतं, मला ते मान्य आहे. सांगली-कोल्हापूरकडचे माझे नातेवाईक ऊस लावतात, कारखान्याचं बिल वेळेवर आलं तर मला आनंदच आहे. पण हा फायदा देशाचा असेल तर त्याची किंमत फक्त जुनी गाडी चालवणाऱ्याने का मोजायची? केंद्राची एक्साइज आहे, राज्याचा व्हॅट आहे. त्यातून लिटरमागे तीन-साडेतीन रुपये सोडता येणार नाहीत, हे मला पटत नाही. आणि सवलत द्यायची नसेल तर जुन्या गाड्यांसाठी ई-१० चा एक नोझल तरी ठेवा. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या रातोरात भंगारात जाणार नाहीत. पर्याय मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात केलेली याचिका १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली गेली. म्हणजे न्यायालयाचा रस्ता तूर्त बंद, राजकीय मागणीचा नाही.

तर ई-२० वर माझा राग आहे, पण तो साडेतीन टक्क्यांचा राग आहे. फार तर सात टक्क्यांचा.

आता त्या तीन किलोमीटरचं बघू.

कोथरूडच्या डोक्यावर वेताळ टेकडीवर एआरएआय आहे. देशातल्या कित्येक गाड्यांचं जाहिरातीतलं मायलेज तिथे प्रमाणित होतं. जाहिरातीतला आकडा रस्त्यावर निघत नाही तो का निघत नाही, ते समजून घ्यायला हवं. चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर उभी करतात आणि ठरलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे चालवतात. भारतीय चाचणी-चक्राला एमआयडीसी म्हणतात (आपली भोसरीची एमआयडीसी नव्हे). सुमारे वीस मिनिटं, दहा-अकरा किलोमीटर, जास्तीत जास्त वेग ९०, सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास. एसी बंद. खड्डा नाही, चढ नाही, मध्येच आडवा येणारा टँकर नाही.

टेकडी उतरून खाली या. टॉमटॉम या डच कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगातल्या सगळ्यात संथ शहरांत चौथं होतं. दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. टेकडीवर सरासरी ३२, टेकडीखाली १८. हे आपण रोज भोगतो, पण अ‍ॅव्हरेजचा विषय निघाला की विसरतो. गाडीत काही बिघडलेलं नसताना, पेट्रोलही तेच असताना, नुसतं शहर संथ झालं म्हणून अ‍ॅव्हरेज पडतं. पाच वर्षांपूर्वी ज्या रस्त्याला वीस मिनिटं लागायची त्याला आता पस्तीस लागत असतील, तर त्या जास्तीच्या पंधरा मिनिटांतही इंजिन पेट्रोल पीतच असतं.

किती पितं? छोटी पेट्रोल गाडी उभ्या जागी तासाला अर्धा ते एक लिटर जाळते, एसी चालू असेल तर वरच्या बाजूला. सिग्नल, चौक आणि कोंडी मिळून दिवसाला वीस मिनिटं उभं राहणं म्हणजे पुण्यात कमीच. महिन्याचे पंचवीस दिवस धरा, आठ तास होतात. पाच-सहा लिटर पेट्रोल एक इंचही पुढे न सरकता. सिग्नल मोठा असेल तर गाडी बंद करा. पुन्हा चालू करताना जास्त पेट्रोल लागतं ही कार्ब्युरेटरच्या काळातली समजूत आहे. आत्ताच्या इंजेक्शनच्या गाडीत दहा सेकंदांपेक्षा जास्त उभं राहायचं असेल तर बंद केलेली बरी. फक्त सिग्नलला आकडे चालू हवेत. आपल्याकडे ते कधी दिसतात, कधी नाही, आणि हिरवा पडल्यावर अर्ध्या सेकंदात मागचा हॉर्न वाजवतो. बंद करायची हिंमत लोकांना होत नाही ती त्यामुळे.

आता माझ्या आवडीचा विषय. स्पीडब्रेकर.

माझा रोजचा रस्ता एका बाजूने नऊ किलोमीटर. त्यावर मी अकरा स्पीडब्रेकर मोजलेत. कुणी टाकले विचारलं तर कुणीच टाकलेले नाहीत. एक रात्री उगवला, एक निवडणुकीच्या आधी उगवला, एक कुणाच्या तरी बंगल्यासमोर उगवला. या प्रत्येकाचा टोल असतो, फक्त पावती मिळत नाही. हिशोब शाळेच्या फिजिक्सचा आहे. माणसांसह अकराशे किलोची गाडी ४० च्या वेगात असते तेव्हा तिच्यात जी गतीची ऊर्जा साठलेली असते ती पेट्रोल जाळूनच आलेली असते. स्पीडब्रेकर आला, ४० चे १० केले, की त्यातली जवळजवळ सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. ६० किलोज्यूलच्या जरा वर. पुढे परत ४० वर यायचं तर ती नव्याने भरायची. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी शहरातल्या वापरात जेमतेम पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. हे सगळं गृहीत धरून भागाकार केला की एका स्पीडब्रेकरला साधारण नऊ मिलिलिटर पेट्रोल लागतं. लिटरला १०४ रुपये धरले तर नव्वद पैशांच्या वर.

नव्वद पैसे म्हणजे काहीच नाही, खरंय. पण अकरा स्पीडब्रेकर, जाऊन-येऊन बावीस, महिन्याला पंचवीस दिवस. साडेपाचशे वेळा. पाच लिटर. पाचशे रुपयांच्या वर. त्याच महिन्यात माझी गाडी ४५० किलोमीटर चालते आणि ३४-३५ लिटर पेट्रोल घेते. म्हणजे सातवा हिस्सा नुसता स्पीडब्रेकरचा. आणि ज्याच्या नावाने आपण रोज बोटं मोडतो त्या दहाच्या वीस टक्के इथेनॉलचा माझ्या गाडीवरचा महिन्याचा भार? सव्वा लिटर. सव्वाशे-दीडशे रुपये. हा माझा अंदाजाचा हिशोब आहे, एआरएआयचा नाही. कुणी ब्रेक न मारता लांबूनच अ‍ॅक्सिलरेटर सोडत असेल तर त्याचा टोल कमी पडेल. पण चौपट फरक आहे, थोडं इकडे-तिकडे झालं तरी चित्र बदलत नाही.

लगेच कुणीतरी म्हणेल, "मग काय शाळेसमोरचे स्पीडब्रेकर काढायचे? पोरं मारायची?" अजिबात नाही. शाळेसमोर, दवाखान्यासमोर, वळणाआधी हवेतच. प्रश्न आकाराचा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात, आयआरसी ९९ मध्ये, स्पीडब्रेकरचं माप दिलेलं आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, गोलसर उतार. तो ताशी २५ ने आरामात पार करता येईल असा बनवायचा असतो. आधी पाटी, वर पांढरे पट्टे. आपल्याकडे जे असतं ते फूट-दीड फूट रुंद आणि टोकदार डांबराचा ढिगारा. त्यावर २५ ने गेलात तर सायलेन्सर हातात येईल, म्हणून लोक पाचवर येतात. ४० वरून २५ ला आलं तर जेवढी ऊर्जा जाते, त्याच्या दीडपटीहून जास्त ४० वरून ५ ला येताना जाते. वर मागे बसलेल्या म्हातारीची कंबर आणि गरोदर बाईचे हाल वेगळेच, त्याचा हिशोब मी लिटरमध्ये करू शकत नाही. नियमातल्या मापाचा स्पीडब्रेकर पोरांना तेवढंच वाचवतो. किंबहुना जास्त, कारण टोकदार ढिगारा चुकवायला दुचाकीवाले कडेच्या फटीतून जातात आणि तिथेच माणसं चालत असतात.

खड्ड्यांचंही हेच. खड्डा दिसला की ब्रेक, चुकवला की पिकअप. रस्ता खोदून केबल टाकली, वर माती लोटली, महिनाभराने डांबर. त्या एका चरावरून दिवसाला दहा हजार गाड्या गेल्या आणि प्रत्येकीचे पाच-सात मिलिलिटर गेले तर रोजचे पन्नास-सत्तर लिटर एका चरात जिरतात. ठेकेदाराच्या बिलात ही रक्कम दिसत नाही, आपल्या बिलात दिसते.

एवढं व्यवस्थेचं झालं. आता आपल्या दारातली गाडी.

सगळ्यात स्वस्त उपाय हवा. टायरमधली. हवा कमी असेल तर अ‍ॅव्हरेज दोन-तीन टक्क्यांनी पडतं, म्हणजे जवळजवळ ई-२० एवढंच. आणि ते परत मिळवायला शून्य रुपये लागतात, कारण पंपावर हवा फुकट द्यायची असते. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर स्टिकर असतो, त्यावर पुढच्या-मागच्या चाकांचं प्रेशर लिहिलेलं असतं. बहुतेकांनी तो कधी वाचलेला नसतो. पंक्चरवाला विचारतो "किती?" आणि आपण सांगतो "पस्तीस मारा". सकाळी टायर थंड असताना, पंधरा दिवसांतून एकदा, स्टिकरवर लिहिलंय तेवढी. चारशे-पाचशे रुपयांचा स्वतःचा गेज घेतलात तर उत्तमच, पंपावरचे मीटर नेहमी खरं बोलतात असं नाही.

एअर फिल्टरबद्दल एक गैरसमज काढून टाकू. गॅरेजवाला काळा फिल्टर दाखवतो आणि म्हणतो, "साहेब, यामुळेच अ‍ॅव्हरेज मार खातंय." कार्ब्युरेटरच्या गाडीला ते खरं होतं. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर हवेच्या मानाने पेट्रोल कमी करतो, त्यामुळे पिकअप जातं पण अ‍ॅव्हरेजमध्ये फार फरक पडत नाही. फिल्टर बदलाच, पण त्यासाठी नाही.

ज्याने खरंच अ‍ॅव्हरेज कोसळतं ते फिल्टरसारखं हातात धरून दाखवता येत नाही. ऑक्सिजन सेन्सर बिघडला की कॉम्प्युटर आंधळा होतो आणि पेट्रोल ओततच राहतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीप्रमाणे असा गंभीर बिघाड दुरुस्त केल्यावर ४० टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. त्याची खूण म्हणजे डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा. कित्येक जण त्या दिव्यासोबत वर्षानुवर्षं संसार करतात. गाडी चालतेय ना, मग राहू दे. दुसरा चोर थर्मोस्टॅट. इंजिन ठरलेल्या तापमानाला येईपर्यंत पाणी रेडिएटरमध्ये जाऊ न देणारा हा छोटा वॉल्व्ह. जुने मेकॅनिक तो काढूनच टाकायचे, "आपल्याकडे काय गरज, इथे काय बर्फ पडतो?" असं म्हणून. आजही काही काढतात. मग इंजिन सतत गार राहतं, कॉम्प्युटरला वाटतं अजून गरम व्हायचंय, आणि तो जास्त पेट्रोल देत राहतो. टेम्परेचरचा काटा असलेल्या गाडीत पंधरा-वीस मिनिटं चालवूनही काटा खालीच रेंगाळत असेल तर हे तपासून घ्या.

तिसरा, चिकटलेला ब्रेक. हायवेवर अर्धा तास चालवून, फार ब्रेक न मारता, थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. लावू नका, जवळ न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथे ब्रेक सुटत नाहीये. म्हणजे तुम्ही ब्रेक धरून अ‍ॅक्सिलरेटर देताय. आणि क्लच. पिकअप देताना इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी त्या मानाने पळत नाही, तर प्लेट घसरतेय. चढावर ब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची सवय ज्यांना आहे, त्यांची प्लेट लवकर जाते.

हौशी मंडळींसाठी एक. कंपनीच्या टायरपेक्षा रुंद टायर आणि मोठी अलॉय घातली की घर्षण वाढतं, वजन वाढतं. शिवाय चाकाचा एकूण व्यास वाढला असेल तर ओडोमीटर खऱ्यापेक्षा कमी किलोमीटर दाखवतो, म्हणजे अ‍ॅव्हरेज आहे त्याहूनही कमी दिसतं. मग ग्रुपवर येऊन ई-२० ला शिव्या घालायच्या.

टपावरचा कॅरियर कोकणातून आल्यावर काढून ठेवा. पोरांना दीड किलोमीटरवरच्या शाळेत कारने सोडू नका. इंजिन गरम व्हायच्या आत प्रवास संपतो आणि थंड इंजिन सगळ्यात जास्त पितं. भर उन्हात तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या एसी फुल्लवर टाकण्याआधी दोन मिनिटं काचा उघडून चालवा. एवढं पुरे, बाकी सगळं तुम्ही ऐकलेलं आहे.

एका गोष्टीवर मात्र थांबायला हवं, कारण त्यात माणसं मरतात. उतारावर गाडी न्यूट्रल करणं.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार आपल्या सगळ्यांना माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकने ४८ वाहनांचा चुराडा केला होता. इंधन वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं तेव्हा प्राथमिक तपासाच्या बातम्यांत आलं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच पट्ट्यात पुन्हा भीषण अपघात झाला, माणसं जळून गेली. त्या दुसऱ्या अपघाताचं कारण मी इथे बसून ठरवणार नाही. पण त्या उतारावर न्यूट्रलमध्ये सुटलेल्या गाड्या मी रोज बघतो, आणि त्यात फक्त ट्रक नसतात. शिकलेली, आयटीतली माणसं कारमध्ये हेच करतात आणि वर "पेट्रोल वाचतं" म्हणून दुसऱ्याला शिकवतात.

वाचत नाही. उलट जास्त जातं. आत्ताच्या इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिनला फिरवतात आणि कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण तोडतो. शून्य. न्यूट्रल केलं की इंजिनला चाकांचा आधार राहत नाही, मग ते बंद पडू नये म्हणून कॉम्प्युटरला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे तीन किलोमीटरचा उतार गिअरमध्ये फुकट आणि न्यूट्रलमध्ये विकत. शिवाय इंजिनचा जो ब्रेक मिळतो तो गेला, सगळा भार ब्रेकच्या पट्ट्यांवर, त्या तापल्या की धरत नाहीत. ट्रकचं तर आणखी वाईट. त्याचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद केलं आणि चार वेळा ब्रेक दाबला की टाकीतली हवा उतरत जाते.

पण ट्रक ड्रायव्हर हे का करतो, हेही बघा. बऱ्याच ठिकाणी मालक फेरीला डिझेल मोजून देतो. वाचलं तर ड्रायव्हरचं, जास्त लागलं तर त्याच्या पगारातून. ज्या ट्रकमध्ये उतारावर आपोआप डिझेल तुटतं त्या ट्रकचा ड्रायव्हरही जुन्या ट्रकवर शिकलेला असतो, आणि त्याला हे कुणी कधी सांगितलेलं नसतं. उतारावर पाट्या लागल्यात, वेग मर्यादा लावलीय, कॅमेरे आहेत. पण "गिअरमध्ये डिझेल जळत नाही, न्यूट्रलमध्ये जळतं" हे एक वाक्य मराठीत, हिंदीत आणि कन्नडमध्ये खेड-शिवापूरच्या टोल नाक्यावर मोठ्या अक्षरात लिहायला काय लागतं? जिवाच्या भीतीने जो थांबत नाही तो डिझेलच्या हिशोबाने थांबेल, असं मला वाटतं.

तर कामाचं. मला दोन गोष्टी हव्यात तुमच्याकडून. एक, वर सांगितल्याप्रमाणे तीन टाक्या मोजून कॉमेंटमध्ये टाका: गाडीचं वर्ष, पेट्रोल की डिझेल, रोजचा रस्ता कुठून कुठे, आणि आलेला आकडा. "खूप पडलंय" असं नको, आकडा हवा. दोन, तुमच्या रस्त्यावरचे स्पीडब्रेकर मोजा. फोटो, जागा, आणि शक्य असेल तर टेप लावून रुंदी आणि उंची. ३.७ मीटर आणि १० सेंटिमीटर, हे माप लक्षात ठेवा. पन्नास नोंदी जमल्या की मापांसह लेखी अर्ज करू, आणि माहिती अधिकारात विचारू की यातले किती परवानगीने टाकलेत.

माझ्या रस्त्यावरचे अकरा मी येत्या रविवारी मोजणार आहे. सकाळी सात वाजता, रहदारी नसताना. टेप माझ्याकडे आहे, दुसरं टोक धरायला कुणीतरी हवंय.